मशीन पेलेल का? जळगावच्या स्टुडिओतला एक वाद

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाने नवा कॅमेरा घेतला की त्याच दिवशी त्याचा संगणक जुना होतो. नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडायला नवं सॉफ्टवेअर लागतं, त्या सॉफ्टवेअरला नवी विंडोज, त्या विंडोजला नवा प्रोसेसर. ही साखळी कॅमेऱ्याच्या पावतीवर लिहिलेली नसते. मग स्टुडिओवाला संगणकाच्या दुकानात जातो आणि म्हणतो, ‘फोटोशॉप चालेल असा पीसी द्या.’ दुकानदार म्हणतो, ‘आय-फाइव्ह घ्या.’ प्रश्न अर्धा, म्हणून उत्तरही अर्धं. दोन्हींच्या मध्ये स्टुडिओवाल्याच्या एका हंगामाची कमाई अडकते.

खालचा संवाद मी रचलेला आहे, पण यातले दोघे कुठल्याही तालुक्याच्या गावात भेटतील. काका जळगावात स्टुडिओ चालवतात, रोलच्या काळापासून. लग्नं, मुंजी, साखरपुडे, आणि त्यांचे करिझ्मा अल्बम. त्यांची पुतणी पुण्यात संगणकांच्या देखभालीचं काम करते. काकांचं मशीन आहे आय-फाइव्ह ३४७०, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. नवा कॅमेरा ३३ मेगापिक्सेलचा. कोण कुठे बरोबर आहे असं मला वाटतं, ते मी मधूनमधून सांगेन.

काका : मशीन सुरू होतं, फोटोशॉप उघडतं, अल्बम तयार होऊन लॅबला जातो. फक्त त्या फोटोशॉपमध्ये नव्या कॅमेऱ्याच्या रॉ उघडत नाहीत. तेवढ्यासाठी सगळंच बदला म्हणतात. मला हे पटत नाही.

पुतणी : कोण काय म्हणतं ते बाजूला ठेवू, काका. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं स्वतः यादी दिलेली असते, किमान काय लागतं आणि शिफारस कशाची. ती यादी आणि तुमचं मशीन शेजारी शेजारी ठेवायचं. जुळलं तर ठेवा, नाही जुळलं तर बदला. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

काका : यादी लिहिणाऱ्यानं माझा अल्बम पाहिलाय का? तो लिहितो ८ जीबी. माझ्याकडे ८ जीबीच आहे. मग बारा बाय छत्तीसचं पान सेव्ह करताना मी चहा पिऊन येतो, ते कसं काय? यादीप्रमाणे मी पास आहे ना?

पुतणी : रॅममध्ये पास. बाकीचं आपण अजून बघितलंच नाही. तुम्हाला तुमचा प्रोसेसर कुठला आहे ते माहीत आहे का?

काका : आय-फाइव्ह. स्टिकर लावलेलं आहे.

पुतणी : आय-फाइव्ह २००९ पासून विकला जातोय. तेवढ्यावरून काहीच कळत नाही. पुढचा आकडा बघायचा. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. ८४०० असता तर आठवी. दोघांवर स्टिकर एकाच नावाचं, पण पहिल्याला चार कोअर, दुसऱ्याला सहा. आणि खरा फरक कोअरमध्ये नाहीच. एव्हीएक्स-टू नावाचा सूचनांचा एक संच इंटेलनं चौथ्या पिढीपासून, २०१३ मध्ये द्यायला सुरुवात केली. काही नवे प्रोग्रॅम तो असल्याशिवाय चालतच नाहीत. तुमच्या प्रोसेसरमध्ये तो नाही, आणि रॅम वाढवून किंवा डिस्क बदलून तो येणारही नाही.

काका : आणि हे तू मशीन न उघडता सांगतेस?

पुतणी : उघडायची गरजच नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सचं पान. सीपीयूच्या खाली प्रोसेसरचं पूर्ण नाव. मेमरीच्या खाली एकूण रॅम, आत्ता वापरात किती, आणि किती स्लॉट भरलेत. डिस्कच्या खाली एचडीडी की एसएसडी. आणि सगळ्यांत खाली जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स.

काका : माझ्याकडे जीपीयूची ओळच दिसत नाही.

पुतणी : दिसणारच नाही. तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे आणि त्याचा ड्रायव्हर इतका जुना आहे, की टास्क मॅनेजर त्याची माहिती दाखवू शकत नाही. आता विंडोज आणि आर दाबून ‘डीएक्सडायग’ टाइप करा. पहिल्या पानावर काय लिहिलंय?

काका : डायरेक्टएक्स १२. घे! तुझ्या यादीत डायरेक्टएक्स १२ च मागितलंय.

पुतणी : तो विंडोजचा आकडा आहे, तुमच्या ग्राफिक्सचा नाही. डिस्प्लेच्या पानावर जा. तिथं ‘फीचर लेव्हल्स’ अशी ओळ आहे. तिची सुरुवात ११ पासून होते की १२ पासून?

काका : अकरा.

पुतणी : म्हणजे नाही. यादीला १२ हवंय.

इथे मला पुतणीच्या बाजूने बोललं पाहिजे. डीएक्सडायगचं पहिलं पान पाहून ‘आपलं मशीन चालतंय’ असा समज करून घेणारे पुष्कळ असतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आकडा समोर दिसतो, यादीतल्या आकड्याशी जुळतो, मग माणूस पुढचं पान कशाला उघडेल? सेकंडहँड मशीन विकणाऱ्यांनी हेच पान दाखवून सौदे केलेले असतात. संगणक तपासायचा तर प्रत्येक आकडा कुणाचा आहे, विंडोजचा, ड्रायव्हरचा की खुद्द चिपचा, हे विचारायची सवय लावून घ्यायला हवी.

काका मात्र एवढ्यावर थांबणारे नाहीत.

काका : बरं, मानलं. नवं फोटोशॉप या मशीनवर नीट चालणार नाही. पण जुनं चालतंय ना? आमच्या धंद्यात निम्म्या लोकांचा हात अजून सेव्हन पॉइंट झिरोवर बसलेला आहे.

पुतणी : फोटोशॉप ७.० हे २००२ सालचं आहे, काका. तेव्हा त्याला १२८ एमबी रॅम पुरत होती. ते ३२ बिटचं आहे. उद्या तुम्ही मशीनमध्ये १६ जीबी टाकलीत तरी ते २ जीबीच्या पुढे हात घालणार नाही. नव्या कॅमेऱ्याची रॉ त्याला ओळखता येत नाही. आणि तुमची प्रत आली कुठून, हे मी विचारत नाही.

काका : मशीन घेतलं तेव्हा त्यांनीच टाकून दिली होती. सगळ्यांनाच देतात.

पुतणी : म्हणूनच म्हणते. फुकट टाकून दिलेल्या प्रतीबरोबर आणखी काय टाकलंय, ते कुणीच बघत नाही. आणि त्याच मशीनवर लोकांच्या घरच्या लग्नाचे फोटो असतात.

काका : ते मला पटतं. पण हीलिंग ब्रश पहिल्यांदा त्यातच आला. चेहऱ्यावरचे डाग काढायला आम्ही आधी क्लोन स्टॅम्पनं तास तास घालवायचो. त्या ब्रशनं आमचं आयुष्य बदललं, म्हणून हात सुटत नाही.

पुतणी : खरं आहे. पण हंगामाचा अर्धा वेळ तुम्ही रॉची जेपेग करण्यात घालवता. म्हणजे नव्या कॅमेऱ्याचे पैसे देऊनसुद्धा जुन्या कॅमेऱ्याचंच काम चाललंय.

या टप्प्यावर वाद पुतणीने जिंकला असं वाटेल. आता पुढचा भाग. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण दुकानात तो कधीच निघत नाही.

पुतणी : मग ठरलं. शिफारशीच्या यादीप्रमाणे १६ जीबीचं नवं मशीन घेऊ. फोटोशॉपच्या यादीत किमान ८ आणि शिफारस १६. आपण शिफारस पूर्ण करतोय, मग काळजी कसली?

काका : थांब. कागद दे. पान बारा बाय छत्तीस इंच, तीनशे डीपीआय. म्हणजे ३,६०० गुणिले १०,८००. ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. ११ कोटी ६६ लाख बाइट. नुसतं कोरं पान झालं ११७ एमबी. बरोबर?

पुतणी : बरोबर. ८ बिटमध्ये. १६ बिटमध्ये काम केलंत तर दुप्पट.

काका : वर लेयर चढला की?

पुतणी : लेयरला पारदर्शकतेचा चौथा बाइट लागतो. पान भरून एक लेयर म्हणजे १५५ एमबी. छोटा फोटो असेल तर तेवढ्याच जागेचा हिशोब, पूर्ण पानाचा नाही.

काका : माझ्या पानात मागे एक टेक्स्चर, त्यावर धूसर केलेला मोठा फोटो, त्यावर सात-आठ फोटो, प्रत्येकाला मास्क, वर फुलांची वेल, अक्षरं, सावल्या. आणि नव्या फोटोशॉपमध्ये फोटो मी स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून टाकणार, म्हणजे नंतर मोठा करता येईल.

पुतणी : मग प्रत्येक फोटोची मूळ प्रतही फाइलच्या पोटात राहते. ३३ मेगापिक्सेलचा एक फोटो १६ बिटमध्ये उलगडला की जवळपास २०० एमबी.

काका : आणि मागे जाण्याच्या पायऱ्या?

पुतणी : हिस्टरीत पन्नास पायऱ्या असतात, नेहमीच्या सेटिंगला. ब्रशनं थोडंसं रंगवलंत तर थोडीच जागा जाते. पण अख्ख्या पानावर ब्लर मारलात, की त्या पायरीला अख्खं पान.

काका : मग तूच सांग. विंडोज स्वतः दोन-तीन जीबी खाणार. व्हॉट्सॲप वेब उघडं, कारण वधूकडचे फोटो निवडून पाठवत असतात. क्रोममध्ये ड्राइव्हवरून फाइली उतरतायत. पलीकडे लाइटरूम उघडं. आणि मी एका वेळी तीन पानं उघडून काम करतो, कारण हळदीच्या पानाचा रंग लग्नाच्या पानाशी जुळवायचा असतो. तुझी १६ जीबी कुठे पुरेल?

पुतणी : ओढाताण होईल. ३२ घ्यावी लागेल.

काका : हे तुझ्या यादीत कुठे लिहिलं होतं?

पुतणी : नव्हतं लिहिलं.

काकांनी कागदावर केलेली ही बेरीज पाच मिनिटांची आहे. तिला संगणकाचं शिक्षण लागत नाही. आपलं पान किती इंच, डीपीआय किती, लेयर किती, एका वेळी किती पानं उघडी असतात, एवढंच माहीत असावं लागतं, आणि ते डिझायनरशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नसतं. यादी लिहिणाऱ्याला ते माहीत असायचं कारणच नाही. तो जगभरातल्या लोकांसाठी लिहितो. त्यात वेबसाठी छोटी चित्रं करणारेही आले. म्हणून माझं मत असं झालंय : यादी ‘नाही’ म्हणाली तर ते शेवटचं समजावं, त्यावर घासाघीस करू नये. ती ‘होय’ म्हणाली तर तिथून तपासणी सुरू होते.

पुतणीला हे सगळं मान्य नाही, आणि तिच्या हरकतीत दम आहे.

पुतणी : पण काका, तुमच्या आजच्या फाइलवर तपासलं तर उद्याचं काय? मशीन तुम्ही पाच-सहा वर्षं वापरणार. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर स्वीकारत नाही, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागते. हे तुमच्या कुठल्याही अल्बमच्या फाइलनं तुम्हाला सांगितलं नसतं. फाइल आजचं सांगते, यादी उद्याचं.

काका : यादी उद्याचंही सांगत नाही. उद्याची यादी वेगळी असेल. पण तुझा मुद्दा मी लक्षात ठेवतो. आता मला हे सांग, माझं आत्ताचं मशीन नेमकं अडतंय कुठे? रॅममध्ये की डिस्कमध्ये? नवं घेताना पैसे कुठे घालायचे ते त्यावरून ठरेल.

पुतणी :  याच मशीनवर फोटोशॉपमध्ये तुमचं सगळ्यांत जड पान उघडा. खिडकीच्या खाली डाव्या बाजूला फाइलची माहिती दिसते. तिथला बाण दाबून ‘एफिशियन्सी’ निवडा. आता काम करत राहा.

काका : शंभर टक्के आहे. आता ब्लर मारला. ६५.

पुतणी : शंभरच्या खाली गेला म्हणजे फोटोशॉपला रॅम पुरली नाही आणि ते डिस्कवर लिहायला लागलं. त्या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात. तुमच्या मशीनमध्ये ती जागा हार्ड डिस्कवर आहे. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी लिहिते, तेही सलग लिहिलं तर. साधी साटा एसएसडी पाचशेच्या पुढे, आणि एनव्हीएमई तीन हजारांच्या घरात. तुमचा चहाचा वेळ इथं जातो.

काका : म्हणजे नुसती एसएसडी टाकली असती, तरी जुन्या मशीनला फरक पडला असता.

पुतणी : पडला असता, नक्की. २०१८ मध्ये तुम्ही हे विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं. आज तुमचं दार प्रोसेसरपाशी बंद झालंय.

इतकं झाल्यावर मला वाटलं होतं की दोघं एकमताने दुकानात जातील. पण काकांनी असा मुद्दा काढला, जो मी कुठल्याही तपासणीत वाचलेला नाही, आणि खानदेश-विदर्भातल्या माणसाने तो काढलाच पाहिजे.

काका : तू पुण्यात तपासतेस, एसीच्या खोलीत. माझं काम कधी असतं? एप्रिल आणि मे. तुळशीच्या लग्नानंतर थोडं, पण खरी लग्नसराई उन्हाळ्यात. तेव्हा जळगावात पारा ४४-४५ वर. स्टुडिओत कूलर. मेमध्ये दुपारी हेच मशीन जानेवारीपेक्षा हळू चालतं. लोक म्हणतात भास आहे. भास नाही.

पुतणी : अजिबात भास नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. खोलीच बेचाळीस अंशांची असेल, तर पंखा बेचाळीस अंशांचीच हवा आत घेणार. त्यात कूलरची दमट हवा, आणि हीटसिंकमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग दिसतो. काम चालू असताना तो मूळ वेगाच्या खाली उतरत असेल, तर मशीन तापलंय.

काका : मग लॅपटॉप नको?

पुतणी : तुमच्या खोलीत नको. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागाच कमी. शिवाय हल्ली बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. डेस्कटॉप घ्या, कॅबिनेटमध्ये हवा फिरेल असा.

यादीत तापमानाचा उल्लेख नसतो. दुकानातल्या पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकातही ते कळत नाही, कारण पहिली पाच मिनिटं प्रत्येक मशीन थंडच असतं. अर्धा तास सलग रॉ एक्स्पोर्ट करत ठेवल्या, तर शेवटच्या पन्नास फाइलींना लागलेला वेळ पहिल्या पन्नासांच्या वेळेशी ताडून बघता येतो. माझ्या मते या तपासणीला पर्याय नाही.

काका : आता पैशांचं बोल. नवं कोरं मशीन, वर दर महिन्याची वर्गणी. माझा धंदा हंगामी आहे. पावसाळ्यात मी पासपोर्ट फोटो काढतो.

पुतणी : वर्गणी टाळायची असेल तर रस्ते आहेत. गिम्प १९९६ पासून फुकट आहे. त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, त्यात फिल्टर आता मूळ चित्र न बिघडवता लावता येतात. रॉसाठी डार्कटेबल. ॲफिनिटी आधी विकत घ्यावं लागायचं, कॅन्व्हानं ती कंपनी २०२४ मध्ये घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते फुकट केलं.

काका : माझ्याकडची टेम्प्लेटं सगळी पीएसडी आहेत. शेकडो. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर अक्षरं सरकतात, सावल्या बदलतात. हंगामात हे परवडत नाही.

पुतणी : मग तेही तपासायचं. तुमची दहा टेम्प्लेटं घेऊन प्रत्येकात उघडून बघू. प्रोग्रॅम आपल्या मशीनवर चालतो का, हा एक प्रश्न. आपलं जुनं काम त्या प्रोग्रॅममध्ये चालतं का, हा दुसरा.

काका : हं. आता माझी भाषा बोलायला लागलीस.

पुतणी : आणि मशीन नवं कोरंच हवं असं नाही. कंपन्यांमधून निघालेली आठव्या पिढीची डेस्कटॉप मिळतात. विंडोज ११ स्वीकारते, त्यातलं ग्राफिक्स डायरेक्टएक्स १२ नीट चालवतं, रॅम वाढवता येते. फक्त कॅबिनेट छोटं नको. छोट्या कॅबिनेटात वीजपुरवठा कमी क्षमतेचा असतो आणि मोठं ग्राफिक्स कार्ड बसतच नाही.

काका : ग्राफिक्स कार्ड कशाला? आत्ताच म्हणालीस की आतलं चालतं.

पुतणी : चालतं. पण मांडवातल्या अंधाऱ्या फोटोंतला दाणा काढायला लाइटरूममध्ये २०२३ पासून एआय डीनॉइज आहे. ते सगळं काम ग्राफिक्स कार्डावर करतं. चांगलं कार्ड असेल तर फोटोमागे काही सेकंद, नसेल तर कितीतरी मिनिटं. एका लग्नाचे चारशे फोटो असले तर रात्र जाईल.

काका : आणि ते मागची माणसं गायब करतात, बॅकग्राउंड वाढवतात, ते?

पुतणी : जनरेटिव्ह फिल. ते तुमच्या मशीनवर होतच नाही, अडोबीच्या सर्व्हरवर होतं. त्याला कार्ड नको, चांगलं इंटरनेट हवं. लोक त्यासाठी महागडं कार्ड घेतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही.

काका : माझं ऐक. कार्डाचे पैसे मॉनिटरला घाल.

इथून पुढे दोघांचं एकमत होत नाही. मी काकांच्या बाजूला आहे, आणि ते लपवायचं कारण नाही.

काका : मागच्या वर्षी एका अल्बममध्ये हळदीची सगळी पानं हिरवट आली. स्क्रीनवर पिवळी होती, केशराकडे झुकणारी. नवरीची आई अल्बम घेऊन बसली होती आणि काही बोलत नव्हती. मशीन हँग झालं नव्हतं, फोटोशॉप अडलं नव्हतं, फाइल झटकन सेव्ह झाली होती. तुझ्या तपासणीत सगळं पास.

पुतणी : स्वस्त पॅनेल होतं?

काका : स्वस्तच. बाजूनं बघितलं की रंग बदलायचा.

पुतणी : यादीत पडद्याबद्दल फक्त ठिपके असतात, १,९२० गुणिले १,०८० वगैरे. रंगाबद्दल अक्षर नाही. स्वस्त पॅनेल एसआरजीबीतले दोन-तृतीयांशच रंग दाखवतात. उरलेले तुम्हाला दिसतच नाहीत, आणि जे दिसत नाही ते तुम्ही दुरुस्त करायला जाता.

काका : म्हणून म्हणतो. आयपीएस पॅनेल, एसआरजीबी पूर्ण दाखवणारं, आणि ते कॅलिब्रेट करायचं यंत्र. चार स्टुडिओवाले मिळून एक यंत्र घेतलं तरी चालतं, महिन्यातून एकदाच लागतं. रात्रभर डीनॉइज चालू दे, मी झोपेन. पण रंग चुकला तर अल्बम परत छापायचा खर्च माझा, आणि तो प्रसंग परत येत नाही.

पुतणी : पण काका, स्पर्धा आहे. शेजारचा स्टुडिओ चार दिवसांत अल्बम देतो. तुम्ही कार्डाशिवाय पंधरा दिवस लावलेत तर पुढचं लग्न त्याच्याकडे जाईल. वेळही रंगाइतकाच विकला जातो.

काका : मग जागा रिकामी ठेव. मोठं कॅबिनेट घे, पुरेशा क्षमतेचा वीजपुरवठा घे, कार्ड पुढच्या दिवाळीत. मॉनिटर आत्ता.

पुतणी : वीजपुरवठा नवा घ्यावा लागेल, आणि सोबत यूपीएस. स्क्रॅच डिस्कवर लिहीत असताना लाइट गेली तर पान जातं.

काका : घे. ३२ जीबी, एनव्हीएमई, मॉनिटर, यूपीएस. कार्डाची जागा रिकामी.

पुतणी : मी अजून म्हणते, कार्ड आधी. पण पैसे तुमचे आहेत. निदान पक्कं करण्याआधी चाचणी घेऊ. फोटोशॉपची सात दिवसांची चाचणी-आवृत्ती अधिकृत मिळते, ती काम असलेल्या आठवड्यातच सुरू करायची, रिकाम्या आठवड्यात वाया घालवायची नाही. पेन ड्राइव्हवर मागच्या मेमधलं सगळ्यांत जड लग्न घ्या. दोनशे रॉ आणि दहा पानं. प्रत्येक पान उघडायला किती, सेव्ह करायला किती, मी घड्याळ लावून लिहून घेते. दुकानातच करू.

काका : त्यांच्या दुकानात एसी आहे.

पुतणी : मग?

काका : मशीन इथं येऊ दे. आठ दिवस स्टुडिओत चालवून बघायला देणार असतील तरच घ्यायचं, नाहीतर दुसरं दुकान. आणि रॉ एक्स्पोर्टला लावायच्या त्या दुपारी तीनला.